स्वनिर्मित सीएनसी राउटरच्या उभ्या अक्षाची रचना : दृढता, भार आणि सुरक्षितता यांचा विचार

सारांश :
महाविद्यालयीन कार्यशाळेत अल्प खर्चात सीएनसी राउटर तयार करताना उभ्या, म्हणजे झेड अक्षाकडे सर्वांत शेवटी लक्ष दिले जाते. प्रत्यक्षात यंत्राची अचूकता आणि ते वापरणाऱ्याची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी मुख्यतः याच अक्षावर अवलंबून असतात. उभ्या अक्षाची रचना मोटरपासून सुरू न करता कटरच्या टोकापासून सुरू करावी, प्रवासाची लांबी गरजेपुरतीच ठेवावी आणि वीज नसताना हा अक्ष कशाच्या आधारावर उभा राहील हे आराखड्यातच ठरवावे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात सोप्या गणिताच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : सीएनसी राउटर, झेड अक्ष, दृढता, बॉलस्क्रू, स्टेपर मोटर, गुरुत्वभार

१. प्रस्तावना

आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे यंत्र ही कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स आणि फ्रँक स्टुलेन यांच्या कामातून पुढे आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ साली अशा तीन अक्षांच्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. त्या काळी अशा यंत्राच्या नियंत्रकासाठी कपाटाएवढी इलेक्ट्रॉनिक सामग्री लागे. २००९ साली सुरू झालेल्या जीआरबीएल या मुक्त प्रणालीमुळे तेच काम तळहातावर मावणाऱ्या एका मायक्रोकंट्रोलरवर होऊ लागले. स्टेपर मोटर, बॉलस्क्रू, रेखीय रेल हे भागही सुटे विकत मिळू लागले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक होती. ‘यंत्र विकत आणण्याऐवजी यंत्र घडवावे’ हा विचार त्यामुळे येथील शिक्षणक्षेत्राला अपरिचित राहिलेला नाही.

मात्र सुटे भाग मिळणे आणि त्यांचे यंत्र होणे यांत बरेच अंतर आहे. भौतिकशास्त्र विभागाच्या कार्यशाळेत विद्यार्थ्यांसह असे यंत्र उभारताना हे अंतर प्रस्तुत लेखकाच्या अनुभवास आले आणि ते सर्वाधिक जाणवले ते उभ्या अक्षाच्या बाबतीत. विज्ञानेतर शाखांतील प्राध्यापकांनाही विषय समजावा या हेतूने येथे गणित किमान ठेवले आहे.

२. उभ्या अक्षाचे वेगळेपण

लाकूड, प्लायवूड, अॅक्रिलिक वा मऊ धातूच्या पत्र्यावर कोरीवकाम करणाऱ्या राउटरमध्ये साधारणतः तीन अक्ष असतात. एक्स आणि वाय हे दोन आडवे अक्ष कटरला टेबलाच्या पृष्ठभागावर फिरवितात, तर झेड अक्ष त्यास खाली-वर नेतो. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार स्पिंडलच्या अक्षाला समांतर असलेली दिशा ही झेड मानली जाते आणि कटर कामापासून दूर जाण्याची दिशा ही धन मानली जाते.

आडव्या अक्षांचे वजन रेलवर विसावलेले असते. उभ्या अक्षाचे वजन मात्र सतत खाली ओढत असते. हे पहिले वेगळेपण. दुसरे वेगळेपण असे की, उभा अक्ष हा गॅन्ट्रीवरून खाली लोंबणारा हात आहे आणि त्याचे खालचे टोक, जेथे प्रत्यक्ष कापण्याचे बल लागते, ते पूर्णतः मोकळे आहे. फळ्यावर लिहिताना आपण खडू टोकाजवळ धरतो. तोच खडू मागच्या टोकाला धरून लिहू लागलो तर अक्षर हलते आणि जोर देताच खडू मोडतो. हात तोच, खडू तोच. वाढली ती केवळ पकडीपासून टोकापर्यंतची लांबी. उभ्या अक्षाच्या रचनेचे सारे मर्म या साध्या अनुभवात आहे.

३. प्रवासाची लांबी किती असावी?

पहिल्यांदा यंत्र तयार करणारी व्यक्ती बहुधा ‘कधी तरी लागेल’ म्हणून उभ्या अक्षाचा प्रवास २०० मि.मी. किंवा त्याहून अधिक ठेवते. ही लांबी फुकट मिळत नाही, म्हणून आधी खरी गरज मोजणे अगत्याचे ठरते.

समजा, जास्तीत जास्त ५० मि.मी. जाडीचे लाकूड आरपार कापावयाचे आहे. त्यासाठी कटरचे टोक टेबलाच्या पातळीपर्यंत जावयास हवे आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना लाकडाच्या वर सुमारे ५ मि.मी. उचलले जावयास हवे. म्हणजे प्रत्यक्ष गरज ५५ मि.मी. इतकीच आहे. कटरची लांबी कमी-अधिक असणे आणि टेबलावर अंथरलेल्या एमडीएफच्या फळीची जाडी बदलणे यांसाठी आणखी २० ते ३० मि.मी. धरले, तरी १०० मि.मी. प्रवासात सारे काम निभावते. गॅन्ट्रीखालील मोकळी जागाही याच हिशेबाने ठेवावी. दारांच्या फळ्या, नावाच्या पाट्या, शैक्षणिक प्रतिकृती, इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्ट्या ही महाविद्यालयीन यंत्राची नेहमीची कामे याहून अधिक उंची मागत नाहीत.

४. दृढतेचे गणित

एका टोकाला पक्क्या बसविलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मोकळ्या असलेल्या पट्टीवर मोकळ्या टोकाशी बल लावले असता तिला येणारा वाक पुढील सूत्राने मिळतो :

वाक = (बल × लांबी × लांबी × लांबी) ÷ (३ × यंगचा गुणांक × काटछेदाचे जडत्व परिबल)

आयताकृती काटछेदासाठी जडत्व परिबल म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले १२. याचा अर्थ असा की, लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो आणि जाडी दुप्पट केली तर तो एक-अष्टमांश होतो.

उदाहरणादाखल १५० मि.मी. रुंदीची आणि शेवटच्या आधारापासून १५० मि.मी. खाली आलेली प्लेट घेऊ. तिच्या टोकाशी, प्लेटला काटकोनात, १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलोग्रॅम वजनाइतके बल लागते असे मानू. अॅल्युमिनियमचा यंगचा गुणांक सुमारे ७०,००० न्यूटन प्रति चौरस मि.मी. आहे. त्यावरून पुढील उत्तरे मिळतात :

(अ) २० मि.मी. जाडीची अॅल्युमिनियम प्लेट : वाक सुमारे ०.०१६ मि.मी.
(आ) १२ मि.मी. जाडीची अॅल्युमिनियम प्लेट : वाक सुमारे ०.०७४ मि.मी.
(इ) १८ मि.मी. जाडीची एमडीएफची फळी (गुणांक सुमारे ३,५०० धरून) : वाक सुमारे ०.४४ मि.मी.
(ई) २० मि.मी. जाडीचीच अॅल्युमिनियम प्लेट, परंतु लांबी २५० मि.मी. : वाक सुमारे ०.०७४ मि.मी.

यातील (आ) आणि (ई) यांची तुलना विशेष उद्बोधक आहे. प्रवासात केवळ १०० मि.मी.ची भर घातल्याने २० मि.मी.ची महाग प्लेट १२ मि.मी.च्या प्लेटइतकीच लवचिक होऊन बसते. प्रत्यक्ष यंत्रात स्पिंडलचे शरीर प्लेटला काही आधार देते आणि दुसरीकडे कटरचे टोक प्लेटच्याही खाली असते. म्हणून हे आकडे तुलनेपुरते घ्यावेत, अंतिम मोजमाप म्हणून नव्हे.

कटरलाही हाच नियम लागू होतो. ६ मि.मी. व्यासाचा कार्बाइडचा भरीव दांडा पकडीतून २५ मि.मी. बाहेर असेल तर १०० न्यूटन बलाने तो सुमारे ०.०१४ मि.मी. वाकतो, ५० मि.मी. बाहेर असेल तर ०.११ मि.मी. वाकतो. धारेसाठी काढलेल्या खाचांमुळे खरा कटर याहूनही अधिक वाकतो. तेव्हा जाड प्लेटवर खर्च करूनही कटर विनाकारण लांब बाहेर ठेवला, तर तो खर्च वाया जातो.

५. रेल व ब्लॉक यांची मांडणी

उभ्या अक्षासाठी दोन समांतर रेल आणि त्यांवर सरकणारे चार ब्लॉक ही आता रूढ झालेली रचना आहे. येथे दोन अंतरे निर्णायक ठरतात. एक, वरच्या व खालच्या ब्लॉकमधील उभे अंतर आणि दोन, खालच्या ब्लॉकपासून कटरच्या टोकापर्यंतचे अंतर.

टोकाशी १०० न्यूटन आडवे बल आहे, टोक खालच्या ब्लॉकपासून २०० मि.मी. खाली आहे आणि दोन ब्लॉकमध्ये १०० मि.मी. अंतर आहे असे समजू. तरफेच्या नियमाने खालच्या ब्लॉकच्या जोडीवर ३०० न्यूटन आणि वरच्या जोडीवर उलट दिशेने २०० न्यूटन बल येते. ब्लॉकमधील अंतर ६० मि.मी. केले तर हीच बले अनुक्रमे सुमारे ४३३ आणि ३३३ न्यूटन होतात. ढिलाईचेही तसेच आहे. प्रत्येक ब्लॉकमध्ये एकूण ०.०२ मि.मी. प्ले असेल तर १०० मि.मी. अंतराच्या मांडणीत कटरचे टोक मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ०.०५ मि.मी. हलू शकते, ६० मि.मी. अंतराच्या मांडणीत हे हलणे सुमारे ०.०८ मि.मी. होते. रेल महागडी घेण्यापूर्वी ब्लॉक एकमेकांपासून दूर बसविता येतात का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे. त्याला वेगळा खर्च येत नाही.

मांडणीचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात रेल स्थिर प्लेटवर बसवितात आणि ब्लॉक स्पिंडलच्या सरकत्या प्लेटवर असतात. यात ब्लॉकपासून टोकापर्यंतचे अंतर कायम राहते, परंतु स्थिर प्लेट खाली लोंबत राहते आणि गॅन्ट्रीखालील जागा खाते. दुसऱ्या प्रकारात ब्लॉक गॅन्ट्रीच्या कॅरेजवर स्थिर असतात आणि रेल सरकत्या प्लेटच्या पाठीवर जडविलेले असतात. पोलादी रेलमुळे सरकती प्लेट अधिक ताठ होते आणि स्पिंडल वर असताना लोंबणारा भाग कमी राहतो. मात्र स्पिंडल जसजसा खाली जातो तसतशी लोंबणारी लांबी वाढते. लहान यंत्रासाठी दुसरा प्रकार अधिक हितावह वाटतो, पण एक पथ्य पाळून : पातळ पत्रा कापताना स्पिंडल तळापर्यंत उतरविण्याऐवजी कामाखाली जाड फळी ठेवून कामच वर आणावे.

६. स्क्रू आणि मोटर

दृढतेचा विचार झाल्यावरच मोटरकडे वळावे. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात नट जितके अंतर सरकतो त्यास लीड म्हणतात. स्पिंडल, त्याची पकड आणि सरकती प्लेट यांचे वजन ८ कि.ग्रॅ. मानले तर गुरुत्वबल सुमारे ८० न्यूटन होते. लाकडात कटर सरळ खाली खुपसताना लागणारा जोर, त्वरण आणि घर्षण मिळून आणखी १२० न्यूटन धरले, तर एकूण २०० न्यूटन बलाची तरतूद करावी लागते.

लागणारा टॉर्क = (बल × लीड) ÷ (६.२८ × कार्यक्षमता)

५ मि.मी. लीडच्या बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरली तर उत्तर सुमारे ०.१८ न्यूटन-मीटर येते. तेवढ्याच लीडच्या साध्या, समलंबी आट्यांच्या स्क्रूची कार्यक्षमता ०.३ धरली तर ते ०.५३ न्यूटन-मीटर होते. स्क्रू आणि मोटरचा रोटर यांना गती देण्यासाठी यात थोडी भर पडते. सुमारे १.९ न्यूटन-मीटर धारण-टॉर्कची नेमा २३ आकाराची स्टेपर मोटर या कामास पुरेशी दिसते. परंतु धारण-टॉर्क हा मोटर स्थिर असतानाचा आकडा आहे आणि वेग वाढला की टॉर्क झपाट्याने घटतो. ताशी नव्हे, तर दर मिनिटाला ३,००० मि.मी. वेगाने अक्ष हलवायचा तर ५ मि.मी. लीडच्या स्क्रूला मिनिटाला ६०० फेरे करावे लागतात. त्या वेगाला उपलब्ध असणारा टॉर्क उत्पादकाच्या आलेखावरून पाहून, तो गरजेच्या किमान दुप्पट असल्याची खात्री करावी.

ही खात्री का हवी, याचे कारण उभ्या अक्षाच्या स्वभावात आहे. मोटर कमी पडली की ती पावले चुकते आणि साध्या स्टेपर व्यवस्थेत नियंत्रकास त्याचा पत्ता लागत नाही. वर उचलताना वजन विरोधात असते आणि खाली जाताना ते साथ देते. त्यामुळे पावले चुकतात ती बहुधा वर जाताना. परिणामी प्रत्येक फेरीगणिक कटर आधीपेक्षा थोडा खाली राहतो आणि कोरीवकाम खोल खोल होत जाते. काम बिघडल्यावर दोष प्रोग्रॅमला दिला जातो. दोषी मात्र अपुरा टॉर्क असतो.

बॅकलॅशविषयीही एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वजनामुळे नट नेहमी आट्यांच्या एकाच बाजूस टेकून राहतो, म्हणून उभ्या अक्षात बॅकलॅश सहसा जाणवत नाही. कटर खुपसताना किंवा चुरा खाली दाबणारा कटर वापरताना वरच्या दिशेने लागणारे बल वजनापेक्षा जास्त झाले, की मात्र तो एकाएकी प्रकट होतो. म्हणून ‘वजन आहेच’ या भरवशावर ढिला नट स्वीकारू नये.

७. वीज नसताना अक्ष कशावर उभा राहतो?

आम्ही उभारलेल्या पहिल्या यंत्रात मोटरचे गणित काळजीपूर्वक केले होते. हा प्रश्न मात्र विचारलाच नव्हता. एके दुपारी काम चालू असताना वीज खंडित झाली. मोटर सैल पडली आणि स्पिंडल आपल्याच वजनाने हळूहळू खाली उतरू लागला. वीज गेल्यावरही स्पिंडल काही क्षण फिरतच असतो. सागवानी फळीवर एक खोल चर पडला. त्या वेळी भुसा झटकण्यासाठी कोणा विद्यार्थ्याचा हात तेथे नव्हता, हा केवळ योगायोग.

घटनेचे कारण गणितात स्पष्ट दिसते. बॉलस्क्रूमध्ये घर्षण अत्यल्प असल्याने नटाला ढकलले की स्क्रू फिरतो. ८० न्यूटन वजन ५ मि.मी. लीडच्या बॉलस्क्रूवर सुमारे ०.०५७ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण करते. नेमा २३ मोटरचा वीज नसतानाचा अडकाव-टॉर्क साधारणतः याच पातळीचा असतो. म्हणजे अक्ष थांबेल की घसरेल, हे रेलच्या घर्षणावर आणि कंपनांवर सोडून दिलेले असते. कार्यशाळेत शांतपणे उभा राहणारा अक्ष कंपन होताच घसरू शकतो.

साध्या स्क्रूमध्ये आट्यांचा उतार घर्षणाच्या मानाने कमी असेल तर तो स्वतःहून घसरत नाही. १२ मि.मी. व्यास व ३ मि.मी. लीडच्या समलंबी स्क्रूचा उतार सुमारे ०.०९ आहे, घर्षणांक ०.१५ धरला तर तो सुरक्षित ठरतो. त्रिमितीय मुद्रकांत आढळणारा ८ मि.मी. व्यास व ८ मि.मी. लीडचा चार सुरुवातींचा स्क्रू दिसायला त्याच जातीचा असला, तरी त्याचा उतार सुमारे ०.३६ आहे. तो वजन धरून ठेवीत नाही. ‘साधा स्क्रू घसरत नाही’ हे विधान म्हणूनच लीड पाहिल्याशिवाय करू नये.

बॉलस्क्रू वापरावयाचाच असेल तर तीन उपाय आहेत. वीज गेल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असलेली मोटर हा सर्वांत भरवशाचा, पण खर्चिक उपाय होय. दुसरा उपाय म्हणजे सरकत्या भागाच्या वजनाइतक्या बलाची गॅस स्प्रिंग बसविणे. यामुळे मोटरवरील भारही हलका होतो. कप्पीवरून सोडलेले प्रतिवजन हा तिसरा उपाय स्वस्त आहे, परंतु हलणारे वस्तुमान दुप्पट होते आणि वेगावर मर्यादा येते.

धोका केवळ वीज जाण्याचा नाही. जीआरबीएल प्रणालीच्या मूळ मांडणीत हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटरचा प्रवाह बंद केला जातो. संबंधित क्रमांकाची किंमत २५५ ठेवल्यास मोटर सतत धरून राहते. उभा अक्ष जड असलेल्या यंत्रात हा बदल पहिल्याच दिवशी करावा. कटर बदलताना मात्र स्पिंडलचा वीजपुरवठा तोडून स्पिंडलखाली लाकडी ठोकळा ठेवण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावावी.

८. जुळणी आणि तपासणी

स्क्रूचे पक्के बेअरिंग वरच्या टोकाला ठेवावे, म्हणजे वजनाने स्क्रूवर ताण येतो, दाब नव्हे. मोटर आणि स्क्रू यांमधील कपलिंगवर वजन येऊ देऊ नये. ते बेअरिंगनेच पेलावयाचे असते. संदर्भस्थान ठरविणारा स्विच वरच्या टोकाला असावा आणि यंत्र सुरू करताना सर्वप्रथम झेड अक्षच वर जावा, म्हणजे आडव्या हालचालीत कटर कामाला धडकत नाही.

काटकोनाच्या दोन स्वतंत्र तपासण्या कराव्यात. त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली तपासणी प्रवासाच्या दिशेची. टेबलावर गुणिया उभा करून डायल गेज स्पिंडलला बांधावा आणि अक्ष खाली-वर न्यावा. प्रवास एक अंशाने जरी तिरपा असेल तरी ५० मि.मी. खोलीत कटर ०.८७ मि.मी. बाजूला सरकतो. दुसरी तपासणी स्पिंडलच्या अक्षाची. स्पिंडलला आडवी दांडी लावून डायल गेज २०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळात हाताने फिरवावा. समोरासमोरच्या दोन बिंदूंत ०.१ मि.मी. फरक आल्यास २५ मि.मी. व्यासाच्या कटरने सपाटी करताना ०.०१२५ मि.मी.ची पायरी उमटते. लाकडासाठी ती चालते.

शेवटी कटरच्या जागी जाड दांडा बसवून, वजनकाट्याच्या आकड्याने तो १० कि.ग्रॅ. बलाने आडवा ओढावा आणि डायल गेजवर किती विचलन दिसते ते नोंदवावे. हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येतो आणि वर केलेल्या कागदी गणिताची खरी परीक्षा त्यातच होते.

९. निष्कर्ष

(१) उभ्या अक्षाची रचना कटरच्या टोकापासून वर करीत जावी. प्रवासाची लांबी, प्लेटची जाडी, ब्लॉकमधील अंतर, स्क्रू आणि अखेरीस मोटर हा क्रम असावा.
(२) वाक लांबीच्या घनाने वाढतो. म्हणून गरजेपेक्षा अधिक प्रवास ही सोय नसून दृढतेत पडलेली तूट आहे. सर्वसाधारण महाविद्यालयीन कामांस १०० मि.मी. प्रवास पुरतो.
(३) बॉलस्क्रू निवडताना वीज नसतानाच्या आधाराची तरतूद त्याच वेळी करावी. ती नंतर करण्याची बाब नव्हे.
(४) प्रवासाची दिशा आणि स्पिंडलचा अक्ष यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी.

तरफ, वाक, घर्षण आणि टॉर्क हे विषय आपण वर्गात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवितो. उभ्या अक्षात ते सारे एका वीतभर जागेत एकत्र येतात आणि त्यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तर यंत्र ते लगेच दाखवून देते. असे यंत्र विद्यार्थ्यांच्या हातून घडवून घेताना त्यांनी सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न ‘मोटर किती ताकदीची?’ हा नसावा. ‘हा लोंबणारा हात किती आखूड ठेवता येईल आणि वीज गेल्यावर त्याला कोण धरील?’ हा असावा.